बोंडअळीच्या हंगामातली सिम्फनी

कापसाचा हंगाम आला की मला शिंका सुरू होतात आणि सिम्फनी ऐकावीशी वाटते. शिंकांवर डॉक्टरांनी गोळी दिली आहे. दुसऱ्या दुखण्यावर त्यांच्याकडे काही नसावं. मीही कधी विचारलं नाही.

दसरा उलटला की मलकापूरची हवा बदलते. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमधून कापूस उडतो, हायवेच्या कडेच्या बाभळींना अडकतो, विजेच्या तारांवर लोंबतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या ब्लाउजवर तर हमखास येऊन बसतो. बदलीवर आलेल्या माणसांना हे सगळं फार देखणं वाटतं, ते फोटो काढतात. आम्ही झटकतो आणि आत जातो. काल अंगण झाडताना असाच एक पुंजका चपलेला चिकटला. मी झाडू भिंतीला टेकवला, आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि ते संगीत लावलं. अंगण अर्धंच झाडलेलं राहिलं.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आमच्या गावाला गणपतीतला स्टेज आठवतो. लाल-निळे दिवे, चकचकीत कोट घातलेला निवेदक आणि 'आवाज येऊ द्या' म्हणून ओरडणारी पोरं. आमच्या घरातला ऑर्केस्ट्रा सीडींच्या एका खोक्यात होता. दोनेकशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाकडच्या संगीतकारांनी रचलेल्या सिम्फनी आणि त्या आपल्या काळात पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेणारा एक संचालक. या माणसाचं खूळ असं की, ज्या काळातलं संगीत त्या काळातलीच वाद्यं. माणसं थोडी, शिंगांना बोटांनी दाबायच्या कळा नाहीत, नगाऱ्यावर लाकडाच्या उघड्या काठ्या आणि व्हायोलिनला आतड्याच्या तारा. हे सगळं मला सरांनी सांगितलं. एरवी मला व्हिएन्ना आणि व्हेनिस एकच वाटायचं.

सर म्हणजे माझे यजमान. आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. लग्नाआधी स्टाफरूममध्ये सर म्हणायची सवय लागली ती लग्नानंतरही सुटली नाही. भाजीबाजारात मी "सर, कोथिंबीर विसरलात" म्हटलं की भाजीवाली पदरात तोंड लपवून हसायची. आम्हाला मूल नाही. घरात आम्ही दोघं, त्यांचा टेपरेकॉर्डर, आणि गावाबाहेर त्यांच्या वाट्याला आलेलं एक शेत. शेत छोटं होतं. आम्ही त्याच्यावर अवलंबून नव्हतो, म्हणून ते त्याचे लाड करायचे. रविवारी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून जायचे आणि आले की बूट बाहेर काढायला विसरायचे.

नागपूरला शिकत असताना कुणा खोलीसोबत्याच्या नादानं त्यांना या संगीताची गोडी लागली. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मोठ्या ऑर्केस्ट्राच्या कॅसेटी होत्या. शंभरेक माणसं एकदम वाजवतात, व्हायोलिनं अशी थरथरतात की पडद्यावरची हिरॉइन आता बेशुद्ध पडणार. मला ते कधी आवडलं नाही. मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून हे खोकं पाठवलं. उन्हाळ्याच्या सुटीत ते आलं. पहिली सीडी लावली आणि सर खुर्चीत पुढे सरकून बसले. "अहो, हे बघा," ते मला म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. "हा माणूस सूर थरथरवू देत नाही. बोट ठेवलं की ठेवलं. सूर सरळ येतो आणि संपला की संपतो."

"म्हणजे चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"खरं," ते म्हणाले. गणिताच्या माणसाचं उत्तर.

तिथून तो उन्हाळा त्या खोक्याचा झाला. त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, आणि अर्थातच गफूरचाचांना. गफूरचाचा पिंजारी. स्टेशनकडच्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान. विजेचं पिंजणयंत्र येऊन बरीच वर्षं झाली होती, पण वडिलांच्या हातचं पिंजण, ते भलंमोठं धनुष्य, दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं होतं. त्याला आतड्याची तात. सरांना एवढं पुरे होतं. ते सीडी प्लेयर घेऊन दुकानात गेले आणि चाचांना समोर बसवून म्हणाले, ऐका, तुमचीच तात वाजते आहे. चाचांनी डोळे मिटून सगळी चाल ऐकली. त्यांच्या दाढीत कापूस अडकलेला होता. मग डोळे उघडून म्हणाले, "सरजी, बजती तो बढिया हाय. पन कापूस कुठी उडून राह्यला याच्यातून?"

सर ही गोष्ट येईल त्याला सांगायचे आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसायचे.

त्या वर्षीची टोबणी त्यांनी स्वतः केली. बीटीची सरकी महाग, म्हणून ती मुठीनं पेरत नाहीत. एकेक दाणा अंगठ्यानं मातीत दाबतात. पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याचं एक छोटं पाकीट येतं. ते शेताच्या कडेनं लावायचं असतं, म्हणजे अळी तिकडे राहते आणि आतल्या झाडांच्या विषाला सरावत नाही. हे पाकीट आमच्याकडे सगळे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून देतात. जागा कशाला वाया घालवा? सर मात्र दरवर्षी ते लावायचे, दोरी धरून, रांगेत. शेजारच्या शेताचे विनायकभाऊ धुऱ्यावर उभे राहून हसायचे. "सर, अळीसाठी बी घर बांधून राह्यले काय?" सर म्हणायचे, "भाऊ, पाहुणी आहे. ओसरी तरी द्यावी."

पोळा झाला आणि थोड्याच दिवसांत सर गेले. चहाचा कप हातात होता. कप खाली ठेवला, व्यवस्थित, बशीत, आणि मग ते कलंडले. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. हे लोकांना फार लागलं. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच सूर लावत यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि माझे डोळे कोरडे पाहून गोंधळायच्या. मी त्यांना पाणी द्यायची. वेचणीच्या बायांची मुकादम कौसाबाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी. ती तेवढी तोंडावर बोलली. "बाई, थोडं रडून घ्या ना वो. असं आत कोंडून ठेवलं तर मानूस दगड होते." मी म्हटलं, "येत नाही गं, कौसाबाई." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या."

दुःख म्हणतात ते हेच का, हे मला कळत नव्हतं. भूक लागायची, मी जेवायची. झोप यायची. शाळेत निबंध तपासायची आणि काना-मात्रांच्या चुका बरोबर सापडायच्या. त्या वर्षी पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी असायची, कधी आपल्या जिल्ह्यातला, कधी पलीकडच्या. मी ती हवामानाच्या रकान्यासारखी वाचायची आणि पान उलटायची. स्वतःची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. दात काढल्यावर गाल बधिर असतो, आपणच आपल्या गालाला हात लावतो आणि तो दुसऱ्याचा वाटतो. तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं.

प्लेयरमध्ये तिसरी सीडी तशीच होती. एक दिवस शाळेतून आल्यावर पंख्याचं बटण दाबावं तसं मी तिचं बटण दाबलं. सिम्फनीची दुसरी चाल, म्हणजे तिचा दुसरा भाग, तो मंद असतो. सरांच्या जुन्या कॅसेटमध्येही हीच चाल होती. मी मुद्दाम तीही लावून पाहिली. दोन मिनिटांत बंद केली. ती थरथरणारी व्हायोलिनं माझ्या वतीनं रडत होती, दारातून सूर लावत येणाऱ्या बायांसारखी. मग पुन्हा ही लावली. हा संचालक मंद चालीतही रेंगाळत नाही. पाऊल टाकतो, पुढचं टाकतो. सूर सरळ येतो, संपतो, आणि मध्ये जी रिकामी जागा राहते ती तो भरत नाही. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण त्या खोलीत माझ्यासारखंच कुणीतरी आहे एवढं कळलं. त्यानंतर रोज लावू लागले.

आजही लोक विचारतात, बाई, तुम्हाला त्यातलं कळतं का? नाही कळत. मला ताल मोजता येत नाही, कुठलं वाद्य कुठलं ते ओळखता येत नाही. कळा नसलेलं शिंग मधूनच फाटतं तेवढं कळतं. ते फाटलेलंही त्या माणसानं तसंच राहू दिलंय, पुसलेलं नाही. मला त्याचा विश्वास वाटतो.

पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि उरलेला दहीभात पऱ्हाटीतून, कपाशीच्या झाडांमधून, शिंपडायचा. मग कपाशीला हात लावायचा. हे काम सवाष्णीचं. मी दहीभाताचा डबा घेऊन गेले आणि तो कौसाबाईपुढे धरला. तिनं हात मागे घेतले. "सरच्या हातचं पेरेल हाय. दुसऱ्या कोनाचा हात काऊन लावू?" बाकीच्या बायांतल्या एकीनं खड्यांना कुंकू लावलं, मी दहीभात शिंपडला. सकाळचं दव होतं, भाताची शितं पानांना चिकटून राहिली. बोंडं पांढरीशुभ्र फुटली होती. त्या दिवशी बायांच्या कमरेच्या ओट्या भरभरून निघाल्या आणि कौसाबाई म्हणाली, सर असते तर गाणं लावलं असतं.

ती एकच वेचणी तशी झाली. दुसऱ्या वेचणीच्या आधीच डोमकळ्या दिसू लागल्या. फूल उमलायचं सोडून मिटूनच राहतं, पाकळ्या आतून शिवल्यासारख्या. उघडून पाहिलं की आत गुलाबी अळी. मग बोंडं किडली. वरून हिरवी, टणक, चांगली दिसणारी, आणि फोडलं की आत पिवळट, घट्ट झालेली कवडी. सगळ्या शिवारात तेच. दोरी धरून कडेला लावलेल्या त्या ओळींनी काहीही वाचवलं नाही. एकट्या सरांनी नियम पाळून काय होणार होतं? विनायकभाऊ या वेळी हसले नाहीत. त्यांनी आपल्या उभ्या पऱ्हाटीत रोटावेटर घातला. मी धुऱ्यावरून पाहिलं. यंत्र गेलं की मागे काळी माती आणि तिच्यात पांढरे ठिपके राहत होते.

मग ते माझ्याकडे आले. नंतर कृषी खात्याचा माणूस आला, मग पुन्हा विनायकभाऊ. सगळ्यांचं म्हणणं एकच: शेत मोकळं करा. आमच्याकडे हंगाम संपला तरी चार बोंडांच्या आशेनं पऱ्हाटी उभी ठेवायची खोड आहे, तिला फरदड म्हणतात. आणि अळीला पुढच्या सालापर्यंत जगवायला तीच पुरते. हे मला माहीत होतं. सरच लोकांना पटवत हिंडायचे. आणि आता शिवारात एकच फरदड उभी होती, ती सरांची.

"वहिनी," विनायकभाऊ एकदा ओसरीवर बसून म्हणाले, "तुम्हाले कोनी बोलत नाही, मी बोलतो. तुमच्या वावरातली अळी पुढल्या साली माह्या घरात येईन. मले लेकरं हायेत."

"हो," मी म्हटलं.

"मग ट्रॅक्टर पाठवू?"

"थोडं थांबा."

ते थांबले. भला माणूस. पण मी कशासाठी थांबायला सांगत होते, ते मला त्यांना सांगता येईना. त्या शेतातलं एकेक झाड सरांच्या अंगठ्यानं दाबलेल्या दाण्याचं होतं. त्यांनी केलेलं शेवटचं काम अजून चालू होतं. झाडं उभी आहेत तोवर काहीतरी व्हायचं बाकी आहे असं मला वाटायचं, आणि ती गेली की सगळंच होऊन गेलेलं असेल. मी रोज ठरवायची, उद्या सांगू. पौष लागला, थंडी पडली, पानं लाल होऊन गळली, आणि काळ्या काड्यांवर ती किडकी बोंडं तशीच.

कौसाबाईनं एक दिवस न विचारता दोन बाया नेल्या आणि मिळाला तेवढा कापूस वेचून पोत्यात भरून माझ्या पडवीत आणून टाकला. पिवळा, डागाळलेला, कचऱ्यानं भरलेला. व्यापाऱ्यानं पाहिला आणि हातही लावला नाही. "गादी भरा," कौसाबाई म्हणाली, "खोयीत गेल्यावर कोन पाह्यते पिवया का पांढरा?"

म्हणून मी सरकी काढायला बसले. कवडीतली सरकी सहज सुटत नाही, नखानं ओढावी लागते. शाळेतून यायचं, सीडी लावायची, आणि सूप घेऊन बसायचं. एकीकडे कापूस, एकीकडे सरकी, कधी सरकीला चिकटलेली वाळून गेलेली अळी. तिचा रंग तरीही गुलाबीच. त्या संगीताबरोबर हात आपोआप चालायचे. जलद चाल आली की मीही जलद. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी पायानं ठेका धरला आहे. मी पाय थांबवला. मग वाटलं, कशाला थांबवला? पण पुन्हा सुरू करता आला नाही.

आता त्या शेतात तूर असते. कपाशी मी पुन्हा लावली नाही, विनायकभाऊंचा मोठा मुलगाच दोन्ही वावरं पाहतो. नवं बियाणं येतं, नवे सल्ले येतात, शिवार पुन्हा पांढरं होतं आणि लोक पुन्हा ते छोटं पाकीट फेकतात, असं तो सांगतो. मी ऐकते. राग येत नाही. तो बधिरपणा संपला का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, गाल आता माझा वाटतो, पण दाबून पाहायला मी जात नाही.

तर तो कापूस. सगळा साफ झाल्यावर रिक्षात घालून मी गफूरचाचांच्या दुकानात नेला. सर गेल्यानंतर मी तिकडे पहिल्यांदाच जात होते. गल्लीत लाइट नव्हती, पिंजणयंत्र बंद पडलेलं. चाचांनी पोत्यात हात घालून कापूस चाचपला. "सरजीचा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मशीन याले असं बी खाऊन टाकीन, भाभी. बसा." त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं पिंजण काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, तात बोटानं ताणून पाहिली आणि खाली बसले.

लाकडी मुठीनं तातेवर ठोका पडला की एक जाड, कोरडा आवाज निघायचा आणि कापूस उडायचा. पिवळा होता तो उडताना पिवळा दिसत नव्हता. चाचांच्या दाढीत, भुवयांत, माझ्या पदरावर, सगळीकडे. सर इथे असते तर काय म्हणाले असते ते मला शब्दन् शब्द माहीत होतं, आणि चाचांनाही माहीत असावं, कारण ते एकदा माझ्याकडे पाहून थोडे हसले. ढीग फुगत गेला. मग त्यांनी हात थांबवला, खोळीचं कापड उलगडलं, आणि गिऱ्हाइकाला नेहमी विचारतात तसं विचारलं:

"एकाची का दोघांची?"

"दोघांची," मी म्हटलं.

मी विचार करून बोलले नव्हते. तीस वर्षं घरात जी गादी आली ती दोघांचीच आली.

चाचांनी वर पाहिलं नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, कापूस खालीवर केला, दाबला, सोडला. मग अगदी हळू, धंद्याच्या आवाजात म्हणाले, "भाभी, इतक्या कापसात दोघांची होत नाही. पातय होईन. गोये पडतीन."

ढीग माझ्या गुडघ्याच्या वर होता. किती कापसात गादी पातळ होते, कधी तिच्यात गोळे पडतात, यातलं मला काही कळत नाही. कदाचित त्यांचं बरोबर असेल. कदाचित नसेल. गल्लीतून एक हातगाडी गेली, तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

"मग एकाचीच करा," मी म्हटलं.

तेव्हा तरी रडलात का, असं मला नंतर विचारलं गेलं. नाही. पण ते वाक्य मी माझ्या तोंडानं उच्चारलं होतं, आणि ते बोलून झाल्यावरही मी होते तिथेच, पदरावरचा कापूस झटकत बसले होते.

परतताना ट्रॅक्टरवाल्याच्या घरावरून रिक्षा नेली. तो अंगणात आंघोळ करत होता, तसाच टॉवेल गुंडाळून पुढे आला. म्हटलं, उद्या सकाळी रोटावेटर घालायचा आहे, ये.

"कोनतं वावर, बाई? सरचं?"

"माझं," मी सांगितलं.